स्टेशनाबाहेरची पंगत

(आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावेत अशी कार्यवाह वहिनींनी आज्ञा केली, तेव्हा मला मोठाच पेच पडला. ह्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, आहारशास्त्रावर, मुलांच्या संगोपनावर कितीतरी चांगली व्याख्याने झाली. माझ्यापाशी तसली विद्वत्ता नाही. "विषय कोणताही घ्या, पण आपल्या डोंबिवलीचा घ्या," असे वहिनी म्हणाल्या. मग मी ठरवले, की ज्या गोष्टीवरून रोज सकाळी आपल्यापैकी निम्म्या घरांत आवाज चढतो, तीच बोलायला घ्यावी. ती गोष्ट म्हणजे स्टेशनवर गाडी लावायला जागा नाही!

हसलात ना? म्हणजे विषय ओळखीचा आहे. आमच्या घरी तर सकाळी सातपासून हाच मंत्र चालू असतो. "आज पी-वन आहे की पी-टू?", "काल कुठे लावली होतीस?", "किल्ली कुठे ठेवलीस?", "उशीर झाला तर जागा जाईल." पूर्वी घरातली माणसे गाडी चुकेल म्हणून धावत, आता गाडी लावायची जागा जाईल म्हणून धावतात. स्कूटर घेतली ती वेळ वाचवण्यासाठी. आणि त्या स्कूटरला जागा मिळावी म्हणून वीस मिनिटे आधी घर सोडायचे, असा हा उफराटा संसार आहे.

गेल्या वर्षी आपल्या मंडळाने ह्या बाबतीत पुढाकार घेतला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. स्टेशनाजवळ बहुमजली वाहनतळ बांधावा, असा अर्ज आपण तयार केला. त्याचा मसुदा मीच लिहिला होता, आणि खरे सांगते, तो लिहिताना मला फार अभिमान वाटला होता. घरोघर हिंडून आपण सह्या गोळा केल्या. एकाही घरातून नकार आला नाही. अर्ज नेऊन द्यायचा दिवसही ठरला. पण तो अर्ज तसाच कपाटात राहिला आणि त्याच्या जागी दुसरा गेला. असे का झाले, असे पुष्कळ जणींनी मला विचारले. काहींनी थोडे रागावूनही विचारले. त्याचे उत्तर द्यावे, म्हणून आज मी उभी आहे.

अर्ज द्यायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आपल्या मंडळातल्या एक भगिनी सायंकाळी भाजी घेऊन स्टेशनाकडून घरी येत होत्या. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. "नाव घेऊ नका" म्हणाल्या आहेत, म्हणून घेत नाही. पदपथावर स्कूटरी ओळीने उभ्या होत्या. चालायला वीतभर जागा नव्हती. म्हणून त्या खाली रस्त्यावर उतरल्या. मागून रिक्षा आली. रिक्षावाल्याने ब्रेक दाबला, तरी थोडा धक्का लागलाच. त्या हातावर पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. रिक्षावाला बिचारा भला माणूस. त्यानेच त्यांना दवाखान्यात नेले, घरी निरोप धाडला आणि भाड्याचा पैसा घेतला नाही. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. पोळी लाटणाऱ्या बाईचा उजवा हात सहा आठवडे बांधून ठेवणे म्हणजे काय, हे ह्या सभेत कोणाला समजावून सांगायला नको.

मी कळताच धावत गेले. मनात राग मावत नव्हता. पदपथावर गाड्या लावणारे हे बेजबाबदार लोक कोण, त्यांना चांगले सुनवावे, अशा आवेशात मी त्या ओळीपाशी उभी राहिले. एकेका गाडीकडे पाहत चालले. चौथ्या स्कूटरला पुढे निळ्या कापडाची पिशवी अडकवलेली होती. ती पिशवी मी ओळखली, कारण ती मीच शिवली होती. ती स्कूटर आमच्या सूनबाईंची होती.

भगिनींनो, त्या क्षणी माझा सगळा आवेश गळाला. 'बेजबाबदार लोक' म्हणून ज्यांना शोधत होते, त्यांच्या घरी मी रोज दोन वेळा जेवत होते.

रात्री मी सूनबाईंपाशी विषय काढला. जरा कडकच बोलले. "स्टेशन पायी बारा-पंधरा मिनिटांवर आहे. मी तीस वर्षे चालत गेले. तुला काय झालं चालायला?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, तुम्ही चालत जात होतात तेव्हा डबे कोण करत होतं?"

मी म्हटले, "तुझ्या आजेसासूबाई."

"आणि मला कोण करून देतं?"

ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पहाटे साडेपाचला उठून दोन डबे, नाश्ता, नातीची वेणी, तिची शाळेची बस, गच्चीवरचे कपडे, एवढे सारे उरकून ती सव्वाआठची लोकल गाठते. मला गुडघ्यांमुळे हल्ली फार वेळ ओट्यापाशी उभे राहवत नाही. चिरंजीव तेव्हा वर्तमानपत्र वाचत असतात. ती म्हणाली, "स्कूटर मला पंधरा मिनिटं देते, आई. ती पंधरा मिनिटं मला घरात कोणी दिली, तर मी उद्यापासून चालत जाईन."

हे वाक्य माझ्या मनाला फार लागले. स्टेशनवर जागा नाही, असे आपण म्हणतो. पण ती जागा कमी पडण्याची सुरुवात कधी कधी आपल्या स्वयंपाकघरात होते. बाईच्या सकाळीत जागा नाही, म्हणून पदपथावर जागा उरत नाही! माझ्या मसुद्यात हे कुठेच लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज पुन्हा काढला आणि जरा हिशेब करून पाहिला. आपण बायका वाण्याची यादी करताना जसा हिशेब करतो, तसाच हा आहे. तेव्हा कंटाळू नका.

एका स्कूटरला उभे राहायला आणि काढायला-घालायला मिळून सुमारे ३ चौरस मीटर जागा धरावी लागते. मोटारीला नुसते उभे राहायला साधारण ५ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते. आत-बाहेर करण्याची वाट धरली की हीच जागा २५ चौरस मीटरच्या घरात जाते. आपल्या कितीतरी जणींच्या बैठकीच्या खोलीपेक्षा मोठी! आता समजा, सकाळी सहा ते दहा ह्या चार तासांत दर पाच मिनिटांना एक लोकल मुंबईकडे जाते. म्हणजे ४८ गाड्या झाल्या. प्रत्येक गाडीत आपल्या गावची फक्त ३०० माणसे चढतात असे धरू; हा आकडा मी मुद्दाम कमी धरला आहे. म्हणजे १४,४०० माणसे. त्यांतल्या दहांपैकी एकानेच स्कूटर आणली, तरी झाल्या १,४४० स्कूटरी. त्यांना लागेल ४,३२० चौरस मीटर जागा, म्हणजे एक एकराहून थोडी जास्त. आणि ह्याच माणसांनी स्कूटरऐवजी मोटारी आणल्या, तर जवळजवळ नऊ एकर लागतील! स्टेशनाबाहेर नऊ एकर म्हणजे फडके रोडवरची दुकाने, भाजीबाजार आणि माणसांची राहती घरे काढून टाकावी लागतील. मग स्टेशन राहील, गाड्या राहतील. फक्त गाव राहणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. दुकानासमोर कोणी गाडी लावली, तर पाव तासाने ती हलते आणि दुसऱ्याला जागा होते. दिवसभरात त्या एका जागेवर वीस-पंचवीस जणांची कामे होतात. स्टेशनावर लावलेली गाडी मात्र सकाळी आठला उभी राहते ती रात्री आठलाच हलते. बारा तास ती जागा एकाच माणसाची! त्याच जागेत रिक्षा उभी राहिली, तर दर दोन-चार मिनिटांना तीन माणसे घेऊन निघते. बस उभी राहिली, तर एका खेपेला चाळीस-पन्नास माणसे नेते. जागा तीच, पण लाभ किती वेगळा! म्हणून बहुमजली वाहनतळाचे आपण जेवढे मजले बांधू, तेवढे ते सात वाजेपर्यंत भरतील आणि साडेसातला येणारी भगिनी आजच्यासारखीच घिरट्या घालील, असे मला वाटू लागले. शिवाय त्या वाहनतळात शिरणाऱ्या गाड्या येणार कोठून? ह्याच अरुंद रस्त्यांवरून.

हे रस्ते अरुंद का आहेत, हेही पाहावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढल्याच वर्षी, १८५४ साली, रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. आपले गाव त्या दोहोंच्या मधल्या वाटेवरचे. रुळांच्या दोन्ही अंगांना हळूहळू वस्ती वाढली आणि स्टेशन गावाच्या अगदी पोटात आले. माणसे चालत येतील आणि गाडीत बसतील, अशाच बेताने हे रस्ते झाले. गिरगाव-दादरकडची बिऱ्हाडे जागेच्या टंचाईने इकडे आली, तीही चालण्याच्या हिशेबानेच. स्टेशनाला जवळ असलेल्या खोलीचे भाडे जास्त, ते त्यासाठीच. पुढे कल्याण-डोंबिवली मिळून एक महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात गेली. माणसे वाढली, गाड्या वाढल्या; रामनगरातून स्टेशनाकडे येणारा रस्ता मात्र आपल्या जागचा हलला नाही. त्याला कोणी दोष द्यावा?

हिशेब झाला, पण कागदावरचा हिशेब खरा की खोटा, हे पाहावे म्हणून आम्ही तिघी जणी एका सकाळी सात ते नऊ स्टेशनाबाहेर उभ्या राहिलो. हातात वही होती. भाजीवाल्या मावशींना वाटले, आम्ही निवडणुकीच्या कामावर आहोत. साडेसातच्या आत सगळी ओळ भरली. आणि जसजशा आम्ही गाड्या पाहू लागलो, तसतशा आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागलो. कारण ओळीतल्या कितीतरी गाड्या आमच्या ओळखीच्या होत्या! अमक्या वहिनींच्या धाकट्यांची, तमक्या काकूंच्या जावयांची, शेजारच्या इमारतीतली. सगळ्या हाकेच्या अंतरावरच्या. ज्यांना पायी पंधरा मिनिटेही लागत नाहीत, त्यांच्या. आणि निवासी विभागातून, मानपाड्याकडून, पार सागाव-गोळवलीकडून आलेल्या मुली स्कूटर घेऊन तिसरी-चौथी फेरी मारत होत्या. एक मुलगी तर रडवेली होऊन आम्हांलाच विचारू लागली, "काकू, इथे लावली तर उचलून नेतील का हो?"

भगिनींनो, मला तेव्हा एकदम लग्नाच्या पंगतीची आठवण झाली. कार्यालय लहान आहे, पाने मोजकी आहेत, भिंती तर काही मागे सरकत नाहीत. अशा वेळी आपल्या घरात काय रीत असते? आधी लहान मुले आणि म्हातारी माणसे, मग लांबून आलेली पाहुणे मंडळी, मग गावातली. आणि यजमानांच्या घरची माणसे सर्वांत शेवटी. पंगत लहान असली, तरी ह्या रीतीने बसली की कोणी उपाशी जात नाही. आणि घरचीच माणसे पहिल्या पंगतीला ऐसपैस मांडी घालून बसली, तर? लांबून आलेला पाहुणा दारात ताटकळतो आणि कार्याची शोभा जाते. स्टेशनाबाहेर नेमके हेच चालले आहे. घरची माणसे आधी बसली आहेत, आणि पाहुणे हातात पान घेऊन उभे आहेत.

आमचा अर्ज बदलला तो ह्या विचाराने. "आणखी जागा द्या" हे मागणे आम्ही मागे ठेवले आणि "आहे त्या जागेत पंगत नीट बसवा" हे पुढे घेतले. अर्जात आम्ही क्रम लावून लिहिले. पहिले पान चालणाऱ्याचे: पदपथ मोकळा, सलग आणि उजेडाचा असावा. दुसरे पान बसचे आणि शेअर रिक्षाचे: रांग नीट लागावी आणि लांबच्या वस्त्यांकडे गाड्या वेळेवर सुटाव्यात. तिसरे सायकलींचे. चौथे स्कूटरींचे, तेही लांबून येणाऱ्यांना आधी. आणि शेवटचे मोटारींचे. त्यांनी माणूस उतरवावा आणि पुढे व्हावे. अपंगांसाठी मात्र जिन्याच्या अगदी जवळची जागा राखलेली असावी. तो पंगतीचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे.

हा काही आमच्याच डोक्यातून निघालेला नवा शोध नव्हे. भारत सरकारने २००६ साली राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण जाहीर केले, त्यातही वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवण्याकडे लक्ष द्यावे, असेच सांगितलेले आहे. वाहन उभे करण्याचे शुल्क त्या जमिनीच्या मोलाला धरून असावे, आणि जागा देताना सार्वजनिक वाहनांचा व सायकलींचा विचार आधी व्हावा, असेही त्यात आहे. शुल्काचे नाव काढले की आपल्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. माझ्याही पडल्या होत्या. पण असे पाहा: रस्त्यावर फुकट जागा असेल, तोवर पैसे भरून वाहनतळात कोण जाईल? डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी २००५ साली 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' असा एक जाडजूड ग्रंथच ह्यावर लिहिला. फुकट जागा खरोखर कोणालाच फुकट पडत नाही. ज्याच्यापाशी गाडी नाही तोही तिची किंमत भरतो, असे त्यांचे सांगणे. आपल्या पहिल्या रांगेतल्या भगिनींपाशी गाडी नाही. त्यांनी ती किंमत मनगटाने भरली.

परदेशात जागा मुबलक आहे, म्हणून तिकडे हा प्रश्न नसेल, असे मला वाटे. माझी एक भाची अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. तिकडेही आपल्या कर्जत-कसाऱ्यासारखी उपनगरांतून न्यूयॉर्कला गाडीने कामाला जाणारी माणसे पुष्कळ. स्टेशनाबाहेर मोटारींसाठी मोठाली मैदाने राखलेली असतात. तिला म्हटले, "तुमचं बरं आहे बाई!" तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "मावशी, इथे कितीतरी गावांत स्टेशनवर गाडी लावायला परवाना लागतो आणि त्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागतं." म्हणजे मैदान दिले, तरी ते भरतेच. उलट नेदरलँड्स देशातल्या उट्रेक्ट शहरी स्टेशनाखाली सायकलींसाठी तीन मजली तळ केला आहे. तो २०१९ साली पुरा झाला. त्यात १२,५०० सायकली राहतात आणि पहिले चोवीस तास पैसे पडत नाहीत. एवढ्याच मोटारी ठेवायच्या, तर आपल्या मघाच्या हिशेबाने ७५ एकरांहून अधिक जागा लागली असती! मी आपणां सर्वांना उद्यापासून सायकलवर बसा असे सांगत नाही. आपल्या रस्त्यांवर आज तेवढी सुरक्षितता नाही, हे मीही जाणते. पण सायकलीला नीट जागा आणि कुलूप मिळाले, तर कॉलेजातली मुले-मुली तरी ती घेऊन येतील.

आता एक गोष्ट अशी, की जिच्यावर मी अजून पुरते उत्तर शोधू शकलेले नाही. आपल्या गल्लीतली एक मुलगी मुंबईत परिचारिका आहे. तिची पाळी सुटते रात्री, आणि डोंबिवलीला उतरेपर्यंत अकरा वाजून जातात. ती मला म्हणाली, "काकू, तुम्ही चालायला सांगता. दिवसा मी आनंदानं चालेन. रात्री अकराला मला स्कूटरच पाहिजे. पण ती जवळ लावायला मिळत नाही, म्हणून लांबच्या अंधाऱ्या गल्लीत लावते. म्हणजे जिच्या भीतीनं स्कूटर आणली, त्याच वाटेनं स्कूटरपर्यंत चालत जाते."

तिचे म्हणणे शब्दशः खरे आहे. जी पहाटे आली ती दारात, आणि जी दुपारी कामावर निघते पण मध्यरात्री परतते, तिची गाडी अंधारात! म्हणून अर्जात आम्ही आणखी एक कलम घातले: रात्रपाळीच्या आणि उशिरा परतणाऱ्या स्त्रियांसाठी जिन्याजवळच्या, दिव्याखालच्या काही जागा दुपारनंतर राखून ठेवाव्यात. हे कसे पाळले जाईल, कोण तपासील, हे प्रश्न आहेत. पण प्रश्न आहेत म्हणून कलम गाळावे, असे मला वाटले नाही.

अर्ज आपण संबंधित कचेरीत दिला आहे आणि त्याची पोचही घेतली आहे. त्याचा पाठपुरावा मंडळ करीलच. पण कचेरीचे उत्तर येईपर्यंत आपण हात जोडून बसावे, असे नाही. काही गोष्टी अशा आहेत, की त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.

पहिली गोष्ट सोबतीची. पूर्वी आपल्या आया-आज्या संध्याकाळी देवळात जायला निघत, तेव्हा "थांब गं, मीही येते" म्हणून एकमेकींना सोबत करीत. तीच सोबत आपण मोबाइलवर आणली आहे. रात्री नऊनंतरच्या लोकलने येणाऱ्या आपल्या भागातल्या मुलींचा एक गट केला आहे. ठाणे सुटले की त्या कळवतात. पुलाच्या पायथ्याशी जमतात आणि मिळून चालत येतात. तीन जणी बरोबर असल्या की अंधारी गल्लीही उजळ वाटते, असे त्यांतलीच एक म्हणाली.

दुसरी गोष्ट पदपथाची. आपल्या घरातली गाडी पदपथावर उभी राहणार नाही, एवढे आपण प्रत्येकीने घरात सांगायचे. २९ सप्टेंबर २०१७ चा दिवस आपण विसरलेलो नाही. त्या सकाळी परळ-एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसात गर्दी कोंडली आणि २३ माणसे चेंगरून गेली. ती पुलावरची गोष्ट होती, गाड्यांची नव्हती, हे खरे. पण एकाच वेळी हजारो माणसे जिथून बाहेर पडतात, तिथे मोकळी वाट ही चैन नव्हे, तो जीव असतो, हे त्या दिवसाने शिकवले. आपल्या स्टेशनाबाहेर उद्या अग्निशमनाचा बंब किंवा रुग्णवाहिका यायची वेळ आली, तर तिने आपल्या स्कूटरींची ओळ ओलांडून यायचे काय?

तिसरी गोष्ट पुन्हा घरातली, आणि हीच सर्वांत अवघड. आमच्या घरी काय झाले, ते सांगते. चिरंजिवांचे वर्तमानपत्र आता संध्याकाळी वाचले जाते. नातीची वेणी आणि तिचा डबा त्यांच्याकडे आहे. वेणी वाकडी असते, डब्यात भाजी कधी सांडते. पण नात कुरकुर करीत नाही. मी बसून होण्यासारखी भाजी निवडणे, लसूण सोलणे आदल्या रात्रीच करून ठेवते. सूनबाई आठवड्यातून चार दिवस स्टेशनवर चालत जातात. एक दिवस त्यांना उशिराची सभा असते. त्या दिवशी स्कूटर जाते, आणि पैसे भरून वाहनतळात लागते. सगळे एकदम साधले, असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात दोन आठवडे पुन्हा जुनीच घडी बसली होती. पण परवा ती मला म्हणाली, "आई, चालताना वाटेत पहिल्यांदाच लक्षात आलं, आपल्या कोपऱ्यावर बकुळीचं झाड आहे." सात वर्षे ती त्या झाडावरून रोज जात होती.

आपल्यापैकी ज्यांना खरोखरच गाडीवाचून गत्यंतर नाही, ज्यांचे घर लांब आहे, पाय दुखतात, तान्हे मूल पाळणाघरात सोडून पुढे जायचे असते, त्यांनी माझ्या बोलण्याने मनाला लावून घेऊ नये. ही जागा त्यांच्यासाठीच मोकळी राहावी, म्हणून तर ही सारी खटपट. मी बोलते आहे ते आम्हां जवळच्यांना. आम्ही पहिल्या पंगतीतून उठलो, की लांबच्यांना पान मिळेल.

मंडळाने इतकी वर्षे हळदीकुंकू केले, शिवणवर्ग चालवले, भिशी काढली, पूरग्रस्तांना कपडे पाठवले. त्या कामांपुढे पदपथावरची एक स्कूटर काढणे हे काम लहानच आहे. पण आपल्या भगिनीचे मनगट त्या एका स्कूटरपायीच मोडले होते. त्या आता पुन्हा पोळ्या करू लागल्या आहेत, आणि आजच्या फराळातल्या चकल्या त्यांच्याच हातच्या आहेत, हे सांगायला मला आनंद वाटतो.

कार्यक्रम संपल्यावर आपण सगळ्या मिळून चालतच घरी जाऊ या. पदपथावर आज तरी आपली गाडी नाही ना, हे जाता जाता ज्याचे त्याने पाहावे. मी तर पाहणारच आहे!